चेंडूला विटाळ नाही, पेल्याला विटाळ!

(नागपूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका खेड्यातील शिक्षकाने दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय खेळ आहे असे ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पऱ्हाटी निंदायची बाकी, सावकाराचा तगादा दारात, आणि मास्तर सांगणार काय, तर चेंडूफळी! ज्यांचा सारा दिवस घामात जातो, त्यांना खेळाचे कौतुक ते काय? पण मंडळी, आम्ही मौजेची गोष्ट सांगायला उभे राहिलो नाही. आमची गोष्ट आहे एका कारागिराच्या मुलाची. त्याच्या हातची करामत साऱ्यांना हवी होती आणि त्याच्या हातचे पाणी कोणालाच नको होते. ही गोष्ट खेळाच्या मैदानावर घडली म्हणून ती फार स्वच्छ दिसते, एवढेच. शेतात, गिरणीत, कचेरीत आणि देवळाच्या पायरीशी तीच गोष्ट रोज घडत आली. तिथे मात्र तिच्यावर धुरळा फार असतो.

आपल्या नागपूरच्या पोराटोरांना सी. के. नायडूंचे नाव सांगावे लागत नाही. १८९५ साली ते याच शहरात जन्मले आणि १९३२ साली हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्यात संघाचे कप्तान झाले. त्यांनी मारलेल्या षटकारांच्या गोष्टी आजही म्हातारी माणसे रंगवून सांगतात. पण नायडूंच्या आधी ज्याने या देशाच्या खेळाची इभ्रत विलायतेत राखली, त्या बाळू पालवणकरांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? ज्या हिंदू संघातून नायडू पुढे आले, त्याच संघाचा बाळू हा आधारस्तंभ होता; आणि त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल कप्तान असताना नायडू त्याच्या हाताखाली खेळले. नायडूंचे नाव राहिले, हे योग्यच झाले. बाळूंचे का पुसले गेले, त्याचा विचार आपण आज करू.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले, जात चांभाराची. वडील लष्कराच्या चाकरीत होते, म्हणून बिऱ्हाड पुण्याला आले. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या सामानावर बाळू व शिवराम ही भावंडे चेंडू टाकायला शिकली. पुढे पोटासाठी बाळू पारशांच्या क्लबात चाकरीला लागले. काम काय? मैदान झाडायचे, रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते साहेबांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार ४ रुपये झाला. तिथे खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची, आणि साहेब लोक सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे.

या क्लबात ग्रेग नावाचा एक मोठा नाणावलेला फलंदाज होता. इतरांच्या आधी यावे आणि बाळूंकडून तासन् तास चेंडू टाकून घ्यावेत, हा त्याचा परिपाठ. बाळूंनी आपल्याला बाद केले की दर खेपेस तो आठ आणे बक्षीस देई, अशी दंतकथा आहे. तीन-चार रुपयांच्या चाकराला आठ आणे ही काही लहान रक्कम नव्हे! अशा रीतीने, साहेबाचा हात बसावा म्हणून टाकलेल्या हजारो चेंडूंनी बाळूंचाच हात बसला. डाव्या हाताने संथ चेंडू टाकायचा, तो कुठे पडेल ते आपण ठरवायचे आणि कुठे वळेल ते समोरच्याला कळू द्यायचे नाही, अशी ती विद्या. आरीचा टोचा नेमका पडावा लागतो, नाहीतर कातडे फुकट जाते, हे चांभाराच्या मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. इतकी वर्षे त्या क्लबात राबून बाळूंच्या हाती फळी एकदाही दिली गेली नाही, असे सांगतात. चेंडू टाकणे ही मजुरी. तिथे हात, खांदा, कंबर मोडते. चेंडू टोलवणे ही मिरासदारी! नांगर कोणी धरायचा आणि खळ्यावर रास मोजायला कोणी बसायचे, ही वाटणी आपल्याला नवी नाही.

आता पुण्याच्या हिंदूंची गोष्ट ऐका. त्यांचाही एक संघ होता आणि साहेबांना एकदा हरवावे अशी त्यांना फार हौस. ग्रेगला रोज चकविणारा गोलंदाज गावातच आहे हे त्यांच्या कानी आले. मग पंचाईत पडली. घ्यावा तर जात आडवी येते, न घ्यावा तर जिंकता येत नाही. संघातील तेलुगू मंडळी घ्या म्हणाली. मराठी ब्राह्मण खेळाडूंनी हरकत घेतली. शेवटी विजयाचा लोभ सोवळ्याहून मोठा ठरला आणि बाळूंना संघात घेतले.

घेतले कसे, तेही ऐका. मैदानावर तोच चेंडू बाळूंच्या हातून इतरांच्या हातात आणि इतरांच्या हातून बाळूंच्या हातात फिरे. मधली सुट्टी झाली की सारे खेळाडू मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यातून चहा पीत. बाळू मंडपाबाहेर उभे, आणि त्यांचा चहा मातीच्या टाकाऊ बोळक्यात. हातपाय धुवायचे तर अस्पृश्य नोकराने कोपऱ्यात पाणी आणून घालायचे. जेवायची पाळी आली तर पान वेगळे, बैठक वेगळी.

मंडळी, हा क्रिकेटचा चेंडू असतो कशाचा? आत बूच आणि सूत, वरून गुरांचे कातडे. ते कातडे कमावले कोणी? शिवले कोणी? मेलेल्या गुराच्या कातड्याचा चेंडू शास्त्रीबुवांच्या मुलाने दोन्ही हातांनी झेलला, मांडीला घासून चकचकीत केला, तरी त्याला विटाळ झाला नाही. आणि ज्या जातीच्या हातांनी ते कातडे शुद्ध केले, तिच्या मुलाच्या ओठाला लागलेल्या पेल्याला मात्र विटाळ! यालाच आम्ही म्हणतो की सोवळे हे धर्माचे नसते, ते सोयीचे असते. जिथे अडते तिथे ते बाजूला ठेवता येते. जिथे अडत नाही तिथे ते वेदाइतके जुने होते.

बाळूंच्या गोलंदाजीवर पुण्याच्या हिंदूंनी साहेबांना हरवले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांनी कान उघाडणीही केली की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला हरकत कसली? रानडे स्वतः ब्राह्मण होते, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. खऱ्याला खरे म्हणावे. पण सत्कार, हार आणि टाळ्या यांनी वहिवाट मोडत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने पुणे ओसाड पाडले. त्या काळात बाळू मुंबईला आले. तिथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरबूर झाली, पण अखेर दार उघडले. पाठोपाठ शिवराम आला, मग गणपत, मग विठ्ठल. एके काळी चौघेही भाऊ हिंदूंच्या संघात होते. मुंबईतला भेद हळूहळू कमी झाला आणि हे भाऊ जिमखान्यात इतरांच्या पंगतीला बसू लागले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी मुंबईत गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. त्या सामन्यात बाळूंनी ८ गडी बाद केले. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने तेव्हाच ओळखले की, या विजयाची मुळे पालवणकर बंधूंना पंगतीत घेण्यात आहेत. पंगत एक झाली, तेव्हा संघ एक झाला. हे आमच्या पदरचे नव्हे. त्या काळच्या विचारी पत्राने काढलेले अनुमान आहे.

१९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज. त्या वर्षी बादशहाचा राज्यारोहण समारंभ होता. महाराज थोडे सामने खेळून दरबारी मेजवान्यांत गुंतले. संघ बहुतेक सामने हरला. त्या हरणाऱ्या संघात पस्तिशीतले बाळू उन्हातान्हात, थंडी-पावसात चेंडू टाकत राहिले आणि त्यांनी त्या दौऱ्यात एकूण ११४ गडी बाद केले. केंब्रिज विद्यापीठाचे एका डावात ८ गडी त्यांनी टिपले. ज्या विद्यापीठात शिरायला आपल्या सात पिढ्यांना वाट ठाऊक नव्हती, तिथली पोरे एका चांभाराच्या चेंडूपुढे गोंधळून उभी राहिली! सॉमरसेटशी सामना अटीतटीचा झाला, तेव्हा शिवरामने शंभरावर धावा काढल्या, बाळूंनी पन्नाशी ओलांडली, आणि दोघा भावांनी सामना जिंकून दिला. ज्याच्या हाती पुण्याला फळी दिली नव्हती, तोच हा माणूस.

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा मोठा सत्कार केला. तेव्हा बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत होते. बाळूंच्या नावाचा अभिमान ज्या तरुणांना वाटे, त्यांत तेही होते.

आता आमच्या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा येतो. इतके करून बाळू हिंदू संघाचे कप्तान झाले का? नाही. वर्षामागून वर्षे गेली. सर्वांत जुना, सर्वांत जाणता, सर्वांत जास्त गडी बाद करणारा खेळाडू, पण कप्तान दुसराच. एम. डी. पै हे कप्तान असताना त्यांनी स्वतः १९१३ साली जाहीरपणे बोलून दाखविले होते की, हा मान खरे म्हणजे बाळूंचा. मनाचा मोठेपणा म्हणून ते शोभले, पण खुर्ची जागची हलली नाही.

१९२० साल उजाडले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली होती. देशात अस्पृश्यतेची चर्चा तापली होती. आणि त्याच वर्षी मुंबईच्या चौरंगी सामन्यांच्या वेळी निवड समितीने काय करावे? पै आजारी पडले, तर कप्तानी त्यांनी दि. ब. देवधरांना दिली आणि बाळूंना संघातून वगळलेच. देवधर खेळाडू उत्तम, विद्वान माणूस. त्यांचा यात दोष नाही. पण ते बाळूंहून सुमारे सोळा वर्षांनी लहान. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी एक गोष्ट केली. त्यांनी संघातून नावे काढून घेतली, आणि का काढली ते वर्तमानपत्रातून उघड लिहून कळविले. वडील भावाची योग्यता डावलली जाते ती जातीमुळे, आणि हा अपमान गिळून आम्ही खेळणार नाही, असा त्याचा मथितार्थ.

मुंबईत खळबळ उडाली. दोन खंबीर फलंदाज गेल्यावर संघ उभा राहायचा कसा? समितीला मागे यावे लागले. पै परत आले, बाळू उपकप्तान झाले, भाऊ संघात परतले. पै सामन्यात काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चोवीस-पंचवीस वर्षांच्या सेवेचे फळ हे घटकाभराचे! पण पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला, संघाने त्या वर्षी चौरंगी सामने जिंकले, आणि ज्याच्या वडील भावाला पुण्यात बोळक्यात चहा दिला होता, त्याला सवर्ण हिंदूंनी खांद्यावर उचलून मिरवले. १९२५ आणि १९२६ सालीही त्याच्या कप्तानीत संघ जिंकला. विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे पुस्तक लिहिले. ते १९४८ साली निघाले.

बंधूंनो, बाळूंच्या ११४ बळींनी जे दार उघडले नाही, ते दोघा भावांच्या एका नकाराने किलकिले झाले. गुण दाखवीत राहा, एक दिवस तुमची कदर होईल, असे आपल्याला पिढ्यान् पिढ्या सांगत आले. गुण हवाच, गुणाशिवाय नकाराला वजन नाही. शिवराम-विठ्ठल हे कच्चे खेळाडू असते तर त्यांच्या जाण्याने कोणाचे काय अडले असते? पण नुसता गुण हा दुसऱ्याच्या विहिरीवरचा बैल आहे. मोट तो ओढतो, पाणी दुसऱ्याच्या वाफ्यात जाते. गुणाला एकजुटीची जोड मिळाली, तेव्हाच हक्काची भाषा ऐकली गेली.

हे आपल्याच देशात घडते असे समजू नका. अमेरिकेत बेसबॉल म्हणून एक खेळ आहे. ती तिकडची चेंडूफळीच. तिथे १८८४ साली वॉकर नावाचा एक काळा खेळाडू मोठ्या संघात खेळला, पण लवकरच गोऱ्यांनी दारे अशी लावली की साठ वर्षे कोणी काळा माणूस आत शिरला नाही. जाहीर कायदा नव्हता, मंडळी. आपसांतला समज होता. आपल्या वेशीबाहेरच्या वस्तीचा तरी कोणता लेखी कायदा होता? १९२० साली, म्हणजे पालवणकर बंधूंनी नकार दिला त्याच साली, तिकडच्या काळ्या लोकांनी आपली स्वतःची स्पर्धा उभी केली. तिच्यातून सॅचेल पेजसारखे गोलंदाज निघाले. त्याला मोठ्या संघात घेतले तेव्हा तो ४२ वर्षांचा झाला होता. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन हा बटईने शेती करणाऱ्या कुटुंबातला मुलगा ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि ते दार फुटले. पण संघाचा कारभार काळ्या माणसाच्या हाती कधी दिला? १९७५ साली! खेळायला घेतल्यापासून हुकूम सोपवीपर्यंत तिकडे २८ वर्षे लागली. इकडेही पुण्याच्या बोळक्यापासून विठ्ठलच्या कप्तानीपर्यंत पाव शतक गेलेच. हात लवकर स्वीकारतात, डोके स्वीकारायला पिढी जाते.

बाळूंच्या उत्तरायुष्याची गोष्ट टाळली तर आम्ही अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ते राजकारणात आले. १९३२ च्या सप्टेंबरात झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आम्ही बाळूंना दूषण देत नाही. सवर्ण हिंदूंबरोबर राहूनच आपल्या लोकांचे भले होईल, असे त्यांना मनापासून वाटत असेल. त्यांच्या आयुष्यात तसे थोडे घडलेही होते. पण ज्यांनी त्यांना उभे केले त्यांचा डाव जुनाच होता. आपल्यातला उत्तम गोलंदाज निवडायचा आणि त्याला आपल्यातल्याच उत्तम फलंदाजावर सोडायचा! चेंडू कोणाच्या हातात आहे एवढे पाहून भागत नाही, तो कोणाच्या हुकुमाने टाकला जातो हे पाहावे लागते. आजही निवडणुका आल्या की आपल्या गावातला होतकरू तरुण असाच कोणाच्या तरी संघात बोलावला जातो. हार घालतात, फोटो काढतात. त्याने एकच प्रश्न विचारावा: मला चेंडू टाकायला बोलावले आहे की कप्तानी करायला?

१९५५ च्या जुलैत बाळू वारले. पुढच्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी याच नागपुरात लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एक वाट सहनशीलतेची, दुसरी स्वाभिमानाने वेगळे होण्याची. दोन्ही वाटांवर चालणाऱ्यांच्या पाठीवरचे वळ मात्र एकाच चाबकाचे होते.

आता शेवटचे आणि सर्वांत कडू. इथवर आम्ही पुण्याच्या ब्राह्मण खेळाडूंची लाज काढली, तेव्हा सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. पण कुणबी, माळी, तेली, सुतार, कोष्टी बंधूंनो, ते मातीचे बोळके फक्त ब्राह्मणाच्या घरात होते काय? आपल्या गोठ्याच्या वळचणीला, पडवीच्या कोनाड्यात उपडी ठेवलेली ती कानतुटकी कपबशी कोणासाठी असे? कापूस वेचायला आलेल्या महार-मांगाच्या बाईला पाणी वरून कोण घाले? जोतिरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो पुण्याच्या भटजींना चिडवायला नव्हे. तो आपल्याला धडा म्हणून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळ्यांना चहाचे दुकान काढायला हात दिला, स्वतः तिथला चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. राजाला जे जमले ते पाटलाला का जमू नये? ज्या घरात ती वेगळी कपबशी अजून असेल, त्या घराने सत्यशोधकांचे नाव घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरच्याकडे समता मागायची आणि खालच्याला बोळके द्यायचे, हा व्यवहार आम्हाला कबूल नाही.

म्हणून आमची मागणी मोठी नाही. गावात मुलांचे संघ करा, कबड्डीचे करा, क्रिकेटचे करा, मुलींचेही करा. संघाला पाण्याचा एकच माठ आणि एकच पेला असू द्या. कप्तान कोण ते पाटलाच्या वाड्यात न ठरता मैदानावर, खेळ पाहून ठरू द्या. आणि ज्या मुलावर जातीपायी अन्याय होईल, त्याच्यासाठी त्याच्याच जातीच्या मुलांनी नव्हे, तर साऱ्या संघाने मैदान सोडावे. १९२० साली दोन सख्ख्या भावांनाच तेवढे बाहेर पडावे लागले. बाकीचे नऊ जण खेळायला तयारच होते. ते नऊ जण आपल्या गावात कोण असतील, हा विचार करीत आपण घरी जावे.



जय जोती! जय भीम!